अर्धं कापलेलं परसू

मशीन हातातल्या हातात गप्प झालं तेव्हा केशरला वाटलं, लाइट गेली. लाइट जाण्यात नवं काही नव्हतं. ज्या धरणाच्या पाण्याखाली तिच्या सासरचं गाव गेलं त्याच पाण्यावर वीज तयार होत होती, पण ती तारांतून रामनगराच्या डोक्यावरून पुढं कुठंतरी निघून जायची आणि इथले दिवे वाटेल तेव्हा विझायचे. ती सवयीनं थांबली. मग तिच्या लक्षात आलं की रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी चालूच आहे. गिरणीच्या पट्ट्याची ती एकसुरी फटफट इतका वेळ मशीनच्या आवाजाखाली दबली होती, आता मोकळी ऐकू येत होती. म्हणजे लाइट होती. तिनं मुठीतलं बटण सोडलं, पुन्हा दाबलं. काही नाही. कापलेल्या गवताच्या ओल्या वासात थोडासा जळका वास मिसळला होता. न्हाणीघराच्या भिंतीपासून शेवग्यापर्यंतचं परसू साफ झालं होतं आणि शेवग्यापासून कुंपणापर्यंत गवत गुडघ्याएवढं उभं होतं. एवढ्याशा गोष्टीनं आपण घाबरलो याचं तिलाच नवल वाटलं.

उद्या रविवार, आणि उद्या दत्ता येणार होता. दत्तात्रय तिचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं मस्कतला एका कंपनीच्या बंगल्यांची देखभाल करून तो बेळगावात परत आला होता, आणि हे मशीन त्यानंच सामानातून आणलं होतं. लांब दांडा, खाली थाळीसारखं झाकण, त्यातून बाहेर आलेला नायलॉनचा जाड दोरा, तंगूस. तंगूस गरागरा फिरतो आणि गवत तुटतं. मागच्या श्रावणात न्हाणीघराशेजारी घोणस निघाली होती. त्याच्या आधीच्या वर्षी विहिरीवर घसरून केशरचं उजवं मनगट मोडलं होतं, ते वाकडं सांधलं, तेव्हापासून तिच्या हातात विळा टिकत नव्हता. एकटी बाई, नवरा नाही, मूल नाही, घराभोवती रान. दत्ता मशीन जोडून दाखवताना हसत म्हणाला होता, "हे चालवत असशील तर र्‍हा इथं आक्का. न्हाईतर बेळगावला चल. इथल्या जागेचं काय ते मी बघतो." हसत म्हणाला होता, पण चार माणसांसमोर म्हणाला होता, आणि असं बोलणं मागं घेतलं जात नाही. तेव्हापासून तो येई तेव्हा आधी परसाकडं बघायचा, मग तिच्या तोंडाकडं.

"बंद केलासा व्हय वैनी?" कुंपणापलीकडून शेजारच्या सुंदरीनं विचारलं. ती कुंभारवाडा गावाकडची, लग्न होऊन इथं आलेली. कापलेलं गवत तिच्या म्हशीला जायचं, म्हणून मशीनचा आवाज झाला की ती टोपली घेऊन उभी राहायची.

"बंद केलं न्हाई. पडलं."

"मग उरलेलं मी कापून टाकते की इळ्यानं. घटकाभराचं काम. उद्या भाऊ येणार न्हवं तुमचा?"

"र्‍हाऊ दे."

"का?"

"इळ्यानं कापलेलं कळतंय त्याला."

हे खरं होतं. विळ्यानं गवत एका रेषेत, सरळ तुटतं आणि तंगूसानं चिंध्या होतात. पण दत्ता काही वाकून गवताची टोकं बघणार नव्हता. सुंदरीला ते कळलं असावं. कापलेलं गवत टोपलीत भरून, एकदा मशीनकडं आणि एकदा केशरकडं बघून ती निघून गेली. तिला नको का म्हटलं हे केशरला नीट सांगता आलं नसतं. बेळगावला जायचं नाही, असंही तिनं अजून कधी स्वतःशी स्पष्ट म्हटलं नव्हतं. दत्ताचं घर वाईट नव्हतं. संडास घरातच होता, नळाला पाणी होतं, खिडकीतून रस्ता दिसायचा. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की कुणी आपल्याला उचलून नेत असल्यासारखं तिला जायचं नव्हतं. एकदा तसं होऊन गेलं होतं. धरणाच्या वेळी ट्रकमध्ये भांडी आणि दाराच्या चौकटी घालून सगळ्यांना इथं आणून सोडलं, तेव्हा ती चौकटीवर बसली होती आणि तिचा नवरा परशराम म्हणत होता, बाजारपेठेचं गाव आहे, दुरुस्तीचं दुकान चालेल.

दुकान चाललं. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. परशरामच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. मशीन पडवीत आडवं ठेवताना त्याचा आवाज तिला सरळ ऐकू आला, जसा तो काम करताना स्वतःशी बोलायचा तसा: कुठं बिघडलंय ते मागनं, आधी कुठं बिघडलं न्हाई ते बघ. तिनं टेबलफॅन आणून बोर्डात लावला. फिरला. मग लांब वायरीच्या टोकाला लावला. तिथंही फिरला. म्हणजे बोर्ड बरा, वायर बरी. उरलं मशीन. तिनं प्लग काढला आणि तो डोळ्यांसमोर, पायरीवर ठेवला. हेही त्याचंच. प्लग दिसत राहिला पाहिजे, न्हाईतर दुसरं कोणतरी येऊन घालतं आणि आपण जातो. खालच्या थाळीत गवत वेटोळी घालून बसलं होतं, ते तिनं बोटांनी आणि मग सुईनं ओढून काढलं. थाळीखालची तंगूसाची चकती हातानं फिरवली, सुटी फिरली. प्लग घालून बटण दाबलं. काही नाही. प्लग पुन्हा पायरीवर. इथपर्यंतचं तिला येत होतं. यापुढं मशीन उघडायला हवं होतं, आणि तिनं आयुष्यात काहीही उघडलेलं नव्हतं.

परशरामची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आली तेव्हा तिच्यातून तोच वास आला, ग्रीसचा, जुन्या चामड्याचा आणि थोडा तंबाखूचा. पक्कड, तीन पेचकस, टेस्टर, पॉलिश पेपर, चिकटपट्टी. प्रत्येक वस्तूचं नाव तिला माहीत होतं. सगळा संसार ती या वस्तू त्याच्या हातात देत आली होती. तो न बघता हात मागं करायचा आणि ती बरोबर तीच वस्तू ठेवायची. आणि बॅटरी धरायची. त्याचा हात जिथं जाईल तिथं, त्याच्या खांद्यावरून, सावली पडणार नाही अशी. गिर्‍हाइकांना तो म्हणायचा, "आमची केशर उजेड धरतीय म्हणून चाललंय." तिला त्याचं कौतुक वाटायचं. माहेरी गेली की ती हे सांगायची. आता तिनं बॅटरी तांदळाच्या डब्यावर कलती ठेवली, उजेड मशीनवर पाडला, आणि पेचकस हातात घेतला तेव्हा तिला कळलं की तो कसा धरायचा हे आपल्याला बघून माहीत आहे, हाताला माहीत नाही. मोडकं मनगट वळेना. तिनं तो डाव्या हातात घेतला. पहिला स्क्रू जागचा हलला नाही. तिनं अंगाचा भार टाकला तेव्हा कट्ट असा आवाज होऊन सुटला, आणि तिनं दचकून दाराकडं बघितलं, कुणी रागावेल की काय असं. दारात कुणी नव्हतं. गिरणी चालू होती.

मुठीचं आवरण दोन भागांत उघडलं. आत बटण, त्याला आलेल्या दोन तारा, एक तपकिरी, एक निळी. तारेत करंट जातो की नाही ते बघायला परशराम एक खेळ करायचा: सेल, बॅटरीचा छोटा बल्ब आणि तारेचे दोन तुकडे, तार अखंड असेल तर बल्ब लागतो. जुन्या बॅटरीतले सेल आणि बल्ब काढून तिनं ते सगळं चिकटपट्टीनं बांधलं. प्लगच्या एका पिनेपासून बटणापर्यंत टेकवलं. बल्ब लागला. दुसरी पिन. लागला. वायर वाकवून, पिळून बघितली, बल्ब तसाच. बटणाच्या दोन बाजूंना तारा टेकवल्या, बटण दाबलं, लागला, सोडलं, विझला. दाबलं, लागला. ती ते पुन्हा पुन्हा करत राहिली. गरज नव्हती. तो पिवळा ठिपका तिच्या बोटाच्या हुकमानं येत होता आणि जात होता, आणि तिला लहान मुलासारखी त्याची हाव सुटली होती.

एकदा तिनं परशरामला विचारलं होतं. धरणाआधीचं नव्हे, इथं आल्यानंतरचं, पावसाचे दिवस, बेळगाव-गोवा रस्ता खचून ट्रक अडकलेले, बाजार ओस. मला शिकवा, ती म्हणाली होती. छोटी कामं मी करीन, तुम्ही मोटारींचं बघा. तो हसला होता. वाईट हसला नव्हता. "तुला कशाला त्यात हात घालायचा? करंट हाय. तुला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" तिला त्या वेळी बरं वाटलं होतं. नवरा आपल्याला जपतो, असं वाटलं होतं. आता, पडवीत मांडी घालून, तिला दिसलं की त्या वेळी प्लग पायरीवर होता. बंद मशीन उघडायला तिनं मागितलं होतं. बंद मशीनमध्ये कुठला आला करंट.

खालच्या झाकणाला स्क्रू चार होते आणि ते चिखलानं बुजले होते. ते सुटेपर्यंत तिला घाम आला. झाकण निघालं, आत मोटार. वाळलेल्या गवताचा हिरवा भुगा सगळीकडं. तिनं तो जुन्या टूथब्रशनं झाडला. मधोमध तांब्याच्या पट्ट्यांचा छोटा गोल, काळवंडलेला, आणि त्याच्या दोन बाजूंनी दोन पितळी खोबणी. खोबणीत काळे तुकडे असतात, कार्बन. स्प्रिंग त्यांना मागून रेटते, ते फिरत्या तांब्याला घासून राहतात, त्यातून करंट जातो. हे तिनं असंख्य वेळा त्याच्या तोंडून, त्याच्या खांद्यावरून ऐकलं होतं. एक कार्बन अर्धा शिल्लक होता. दुसरा झिजून नखाएवढा झाला होता, तिरका होऊन खोबणीत अडकला होता, तांब्यापर्यंत पोचतच नव्हता. तिनं तो सुईनं उचलून तळहातावर घेतला.

एवढंच?

तिनं मोठ्यानं म्हटलं नाही, पण म्हटल्यासारखं झालं. आतमध्ये एवढंच होतं. तिला वाटायचं, आत काहीतरी असतं. ज्याला हाताचा गुण लागतो, जे बायकांना जमत नाही, ज्यासाठी तो जेवण गार होईपर्यंत पाठमोरा बसायचा. बॅटरी धरताना ती उजेड बघायची, उजेडातलं बघायची नाही, आणि बघितलं तरी ते आपल्यासाठी नाही असं धरून बघायची. झिजलेला एक तुकडा. तो काढायचा, नवा घालायचा. तिच्या छातीत काहीतरी गरम वर आलं आणि तिला कळायला थोडा वेळ लागला की हा राग आहे. तो गेल्यावर ती रडली होती, बाराव्याला, वर्षश्राद्धाला, एकदा भर बाजारात त्याच्या शर्टाचं कापड दिसलं म्हणून. रागावली कधी नव्हती. मेलेल्या माणसावर रागावतात हे तिला ठाऊक नव्हतं.

आणि रागाच्या पाठोपाठ, ती नको म्हणत असताना, शेवटचे महिने आले. त्याचे हात थरथरायला लागले होते. पेचकस स्क्रूच्या खाचेत बसायचा नाही. तरी तो रोज दुकान उघडायचा. कुणाचा तरी मिक्सर मांडीवर घ्यायचा, ती बॅटरी धरायची, आणि दोघं तशीच बसायची. पेचकस खाचेवरून घसरायचा, पुन्हा टेकायचा, घसरायचा. ती म्हणाली होती, द्या, मी फिरवते, तुम्ही सांगा. त्यानं मान वर केली नाही. मिक्सर खाली ठेवला आणि म्हणाला, "पार्ट मिळत न्हाई म्हणून सांग त्यास्नी." तिनं तसं सांगितलं. गिर्‍हाईक मिक्सर घेऊन गेलं. दुसर्‍या दिवशी त्यानं दुकान उघडलं, आणि काही काम नव्हतं तरी म्हणाला, बॅटरी घे. तिनं घेतली. रिकाम्या टेबलावर उजेड पाडून ती उभी राहिली. आता तळहातावरच्या त्या काळ्या तुकड्याकडं बघताना तिला वाटलं, त्याला हे ठाऊक होतं. आत एवढंच आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ते तिला कळलं असतं तर त्याच्याजवळ दुसरं काय उरलं असतं. राग गेला नाही. पण त्याच्याशेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, आणि दोघांनाही तिनं बसू दिलं.

पेटीत कार्बनची पुडी होती, पण सगळे झिजलेले, काढून टाकलेले. तो काही फेकायचा नाही. नवे कार्बन लोंढ्याला किंवा बेळगावात मिळाले असते, आज नाही. तिनं स्वयंपाकघरातला मिक्सर आणला. झाकण काढायला आता तिला वेळ लागला नाही. मिक्सरचे कार्बन चांगले लांब होते, पण जाडीला जास्त, मशीनच्या खोबणीत शिरेनात. तिनं पॉलिश पेपर फरशीवर पसरला आणि एक कार्बन त्यावर घासायला लागली. घासायचं, लावून बघायचं, घासायचं. वाकड्या मनगटाला हे जमत होतं. वळायचं नव्हतं, फक्त मागंपुढं जायचं होतं. बोटं काळी झाली, काळं कपाळाला लागलं. एका बाजूला जास्त घासला गेला तेव्हा ती थांबली, फुंकर मारली, दुसर्‍या बाजूनं सावकाश घेतलं. शेवटी तो खोबणीत अलगद सरकला आणि स्प्रिंगच्या रेट्यानं तांब्याला जाऊन टेकला. दुसरा तिनं त्याहून लवकर केला. तांब्याचा गोल पॉलिश पेपरनं लाल निघेपर्यंत पुसला. स्क्रू लावले. एक स्क्रू उरला, तो कुठला ते सापडेना, तेव्हा तिनं मुठीचं आवरण परत उघडलं, आतली जागा शोधली, आणि सगळं पुन्हा लावलं.

सूर्य शेवग्यामागं गेला होता. पायरीवरचा प्लग तिनं उचलला आणि तिला भीती वाटली. इतका वेळ वाटली नव्हती. पायात चप्पल घातली, दांडा हातभर लांब धरला, बटण दाबलं. मशीन खरखरलं, खाली निळ्या ठिणग्या उडाल्या, आणि तिनं सोडून दिलं. नवा कार्बन बसेपर्यंत ठिणग्या मारतो. हेही तिला माहीत होतं. पुन्हा दाबलं. खरखर थोडी कमी झाली. मग आवाज एका सुरात आला आणि हातात ती ओळखीची थरथर भरली. तिनं उरलेलं परसू कापायला घेतलं नाही. उजेड कमी होता, आणि तिला घाईही वाटत नव्हती.

दत्ता सकाळच्या बसनं आला. पिशवीत केळी आणि बायकोनं दिलेली चकली. दारातूनच तो परसाकडं गेला, अर्धं कापलेलं आणि अर्धं उभं गवत बघितलं, आणि वळून तिच्या तोंडाकडं बघितलं.

"बंद पडलं न्हवं?" तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण ज्याची वाट बघितली ते आल्यासारखं काहीतरी होतं.

"पडलं होतं काल."

"मला वाटलंच होतं. इथल्या गवताला ते टिकणारं न्हवं."

"मग कशाला आणलास?"

त्यानं पिशवी पायरीवर ठेवली. तिनं प्लग घातला, मशीन उचललं आणि शेवग्यापासून कुंपणाकडं कापायला सुरुवात केली. गवत उडून साडीला चिकटत होतं. ती मधे थांबली नाही. सगळं कापून झाल्यावर तिनं बटण सोडलं, तेव्हा दत्ता पडवीच्या पायरीवर बसला होता.

"कुणाकडनं करून घेतलास?"

"उघडलं मी. कार्बन गेला होता. मिक्सरचा घासून घातला."

"भावजींनी शिकवलं होतं?"

"न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी शिकवलं न्हाई. मी ऐकत होते."

त्यानं मान हलवली. मग ती म्हणाली, "दत्ता, मला बेळगावला यायचं न्हाई." हे इतक्या साध्या आवाजात आलं की तिलाच ते नंतर ऐकू आल्यासारखं वाटलं. भांडणाची तयारी तिनं रात्री मनात करून ठेवली होती. घोणशीचं काय, मनगटाचं काय, आजारी पडलीस तर काय, सगळ्याला उत्तरं होती. त्यानं यातलं काही विचारलं नाही. तो चपलेच्या टोकानं पायरीवरची एक काडी सरकवत राहिला.

"तुझ्यासाठी म्हणून बोलावत न्हवतो मी," तो म्हणाला.

"मग?"

"इतकी वर्षं तिकडं र्‍हायलो. घर, घर म्हणून पैसे धाडले. आता आलोय तर त्यांचं सगळं बसून गेलंय. कुणी किती वाजता उठायचं, कुणी कुठं बसायचं. वाईट वागत न्हाईत. बायको चहा आणून देतीय, पोरगा अहो-जाहो करतोय. पाव्हण्यासारखं." त्यानं ती काडी पायरीखाली ढकलली. "मला अरे-तुरे करणारं त्या घरात कोण न्हाई आक्का. आई होती, ती गेली. तू हायस."

केशर मशीनचा दांडा धरून उभी होती. ती चिडली होती ते कशावर, ते तिला आता सापडेना. घोणस निघाली त्या दिवशी हा धावत आला होता, घाबरलेला, तिच्यापेक्षा जास्त. तिला वाटलं होतं, आपल्यासाठी. आपल्यासाठी होतंच ते. पण सगळं नव्हतं. दोन वर्षं तो तिला हलवायला येत होता आणि तिनं एकदाही त्याला विचारलं नव्हतं की दत्ता, तुझं कसं चाललंय. विचारायचं सुचलंच नव्हतं. जो परदेशातून येतो त्याचं बरंच चाललेलं असतं.

"जेवायला बस," ती म्हणाली. "चटणी पाट्यावर वाटलीय, जाडी हाय."

तो जेवला. मधे एकदा हसला, भात परत मागितला. घर, जागा, बेळगाव, कशाचाही विषय निघाला नाही. दुपारच्या बसला ती त्याला सोडायला स्टँडवर गेली. नाहीतर ती कधी जात नसे, दारातूनच निरोप द्यायची. रस्त्यावर गोव्याकडं जाणार्‍या ट्रकची रांग होती, धूळ उडत होती, कंडक्टर कन्नडमध्ये कुणाला तरी मागं सरकायला सांगत होता. दत्ताला खिडकीजवळ जागा मिळाली. त्यानं काच सरकवली.

"पुढच्या ऐतवारी येऊ?" त्यानं विचारलं.

आजवर तो येतो म्हणायचा. कधी विचारायचा नाही. तिला हे कळायला वेळ लागला, आणि कळेपर्यंत ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती. "ये," ती म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं की नाही कळेना. तो खिडकीतून बघत होता, उत्तराची वाट बघत असल्यासारखा. बस हलली. केशर तिच्या बरोबरीनं चार पावलं चालली, मग भराभर, पदर सावरत, आणि स्टँडवरच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ये रे दत्ता. ये."